निक्कोचे तोशोगू : समाधी म्हणावी की देऊळ?

प्रश्न : महालनिवासी

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगी आणि जावई टोकियोजवळ राहतात. मागच्या ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्यासोबत निक्को येथे एक दिवस जाणे झाले. तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन (जपानचा लष्करी राज्यकर्ता) इएयासु याची समाधी तेथे तोशोगू या ठिकाणी आहे, एवढेच मला आधी ठाऊक होते. तेथून परत येऊन इतके महिने झाले तरी एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो येथे मांडते आहे.

जपानी देवळाची माझी कल्पना आमच्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेसवरून तयार झालेली होती. ओगावा सोसायटीच्या साहाय्याने उभे राहिलेले आणि 1999 मध्ये खुले झालेले ते मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. तेथील स्वच्छ मोकळी जागा, चंदनी बुद्धमूर्ती आणि आत पाऊल टाकताच आपोआप खाली येणारा आवाज या गोष्टी मी मनात धरून गेले होते, आणि निक्कोच्या योमेइमोन या दरवाजासमोर उभी राहिले तेव्हा अक्षरशः गोंधळून गेले. पांढऱ्या खांबांवर पाहावे तिकडे कोरीव काम होते. तुळईच्या प्रत्येक टोकाला लाल जबड्याचे एक तोंड बाहेर आलेले होते, आणि त्यांच्या खालच्या ओळीत लहान मुले खेळताना दाखवलेली होती. एका ठिकाणी एक मुलगा रांजण फोडतो आहे आणि फुटलेल्या भोकातून दुसरे मूल बाहेर येते आहे, एवढा बारीक प्रसंग मला खालून दिसला. सगळीकडे सोने होते. मी अर्धा तास तेथेच उभी होते, आणि तरीही आपण नेमके काय पाहिले हे मला सांगता आले नसते.

आमच्या शुक्रवारी भागात भोसले राजांच्या छत्र्या आहेत. लहानपणापासून मी त्या पाहते आहे, आणि राज्यकर्त्याची समाधी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे तो दगड आणि ती शांतताच येते. मग ज्या जपानबद्दल आपण साधेपणाचे इतके कौतुक ऐकतो, तेथे एका मृत राज्यकर्त्याच्या जागेवर एवढे अलंकरण कशासाठी केले असावे? ती जागा समाधी आहे की देऊळ? तोरण उभे आहे ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानाचे, पण पाच मजली पॅगोडा आहे तो बौद्धांचा. आणि आणखी एक शंका अशी की रंग इतका ताजा दिसतो की हे काम खरोखर जवळजवळ 400 वर्षांपूर्वीचे आहे, की आपण अलीकडे रंगवलेली गोष्ट पाहून येतो?

प्रत्यक्ष समाधी वर डोंगरात आहे आणि तेथे जायला 207 पायऱ्या आहेत. गुडघ्यांमुळे मी खालीच, झोपलेले मांजर कोरलेल्या दाराजवळ थांबले. यजमान आणि जावई वर जाऊन आले आणि म्हणाले, "वर विशेष काही नाही." जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : इतवारीचा वाचक

महालनिवासी ताई, आपल्या प्रश्नातल्या दोन्ही शब्दांना तेथे जागा आहे. ती जागा समाधी आहे, कारण इएयासुचे अवशेष तेथे आहेत असे मानले जाते, आणि ते देवस्थानही आहे, कारण मृत्यूनंतर त्याला विधिपूर्वक देव करण्यात आले. हे देव करणे कसे घडले ते समजले की अलंकरणाचा अर्थ पुष्कळसा उलगडतो, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

इएयासु 1616 मध्ये सुनपु येथे वारला. शेवटच्या आजारात त्याने सांगून ठेवले होते की आपला देह कुनो डोंगरावर पुरावा, अंत्यविधी एदोतील (आजच्या टोकियोतील) झोजोजी मंदिरात करावा, आणि वर्ष उलटल्यावर निक्कोच्या डोंगरात एक लहानसे देवघर बांधून तेथे आपली स्थापना करावी, म्हणजे आपण कांतोच्या, म्हणजे एदोभोवतालच्या, आठ प्रांतांचे रक्षण करू. त्याच्या शब्दांत ते देवघर "लहान" होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1617 मध्ये त्याप्रमाणे निक्कोला स्थापना झाली, आणि त्याचा मुलगा हिदेतादा याने बांधलेले पहिले देवस्थान आजच्या मानाने बरेच आटोपशीर होते.

दरम्यान त्याच्या दैवी नावावरून एक मोठा वाद झाला. सूदेन या भिक्षूचे म्हणणे होते की त्याला "म्योजिन" (तेजस्वी देव) ही पदवी द्यावी. तेंदाई या बौद्ध पंथाचा भिक्षू तेनकाई "गोंगेन" या पदवीसाठी अडून बसला. तेनकाईचा युक्तिवाद रोकडा होता : इएयासुच्या आधीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला म्योजिन केले गेले होते, आणि त्याच्या घराण्याचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, कारण 1615 मध्ये ओसाकाच्या किल्ल्यात ते घराणे संपले होते आणि संपवणारा स्वतः इएयासुच होता. त्यामुळे गोंगेन हे नाव ठरले आणि इएयासु "तोशो दाइगोंगेन", म्हणजे पूर्वेला प्रकाशणारा महान अवतार, झाला. गोंगेन या शब्दाचा अर्थ बुद्धाने किंवा बोधिसत्त्वाने स्थानिक देवाच्या रूपाने प्रकट होणे असा आहे. इएयासुला भैषज्यगुरू बुद्धाचा, ज्याला जपानीत याकुशी म्हणतात त्याचा, अवतार मानले गेले. अवतार ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, आणि एकदा ती धरली की तोरणाशेजारी पॅगोडा पाहून गोंधळ होत नाही, कारण ज्या काळात हे सारे बांधले गेले त्या काळी देव आणि बुद्ध यांची घरे वेगळी नव्हती. 1868 मध्ये मेइजी सरकारने दोन्ही धर्मांची सक्तीने फारकत केली आणि पुढे निक्कोच्या एकाच डोंगरातील वास्तूंची वाटणी तोशोगू व फुतारासान ही शिंतो देवस्थाने आणि रिन्नोजी हे बौद्ध मंदिर अशा तीन संस्थांत झाली. पॅगोडा आणि याकुशीचे दालन मात्र जागच्या जागी राहिले, म्हणून आपल्याला ते शिंतो आवारात उभे दिसतात.

आता अलंकरणाबद्दल. आज आपण जे पाहतो ते नातवाने, तिसरा शोगुन इएमित्सु याने, करवून घेतले. इएमित्सुची आजोबांवरील भक्ती असामान्य होती. आजोबा त्याच्या स्वप्नात येत, आणि त्या स्वप्नातील रूपाची चित्रे तो कानो तानयू या चित्रकाराकडून काढून घेई. 1634 च्या अखेरीस त्याने काम सुरू केले आणि 1636 च्या वसंतात, म्हणजे अवघ्या एक वर्ष पाच महिन्यांत, ते पूर्ण झाले. मुख्य सुतार कोरा मुनेहिरो होता. हिशेबाच्या जुन्या नोंदीप्रमाणे या कामावर सोन्याचे 5,68,000 र्यो (त्या काळचे नाणे) खर्च झाले आणि 45 लाखांहून अधिक मनुष्यदिवस लागले. सरदारांना कंगाल करण्यासाठी हे बांधकाम काढले असे पुष्कळदा लिहिले जाते, पण त्या नोंदी पाहता खर्चाचा मुख्य भार शोगुनाच्या स्वतःच्या खजिन्यावरच पडला होता. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला दुसऱ्याला दुबळे करायचे असते तो खर्च दुसऱ्याकडून करवून घेतो. इएमित्सुला आजोबांचे देवपण सर्वांना दिसावे असे वाटत होते, आणि म्हणून त्याने ते आपल्या पैशाने दिसते केले.

हे देवपण कोणाला दाखवायचे होते, तेही पाहावे. 1636 मध्येच कोरियाचे शिष्टमंडळ निक्कोला नेले गेले, आणि 1643 व 1655 मध्येही त्यांची भेट झाली. कोरियाच्या राजाने पाठवलेली घंटा आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने दिलेला फिरता दीप आजही आवारात आहे. त्या दीपावरचे तोकुगावांचे तीन पानांचे चिन्ह उलटे बसले आहे आणि ते तसेच ठेवले गेले आहे. 1645 मध्ये क्योतोच्या सम्राटाने देवस्थानाला "गू" ही वरची पदवी दिली आणि पुढच्या वर्षापासून सम्राटाचा दूत दरवर्षी निक्कोला येऊ लागला. ज्या शोगुनाची सत्ता तलवारीने मिळवलेली होती, त्याच्या घराण्याला सम्राटाच्या दूताने येऊन वंदन करावे, याहून मोठी मान्यता कोणती? योमेइमोन हे नावसुद्धा क्योतोच्या राजवाड्याच्या बारा दारांपैकी एका दाराचे आहे.

उत्तर : जुन्या लाकडाचा कारागीर

रंगाच्या ताजेपणाबद्दल लिहितो. जुन्या वाड्यांच्या लाकडी कामाची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, आणि निक्कोला मी 2018 मध्ये, म्हणजे योमेइमोनची मोठी दुरुस्ती संपल्यावर वर्षभराने, मुद्दाम गेलो होतो. ही दुरुस्ती 2013 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2017 मध्ये दरवाजा पुन्हा खुला झाला. म्हणून ताई, आपण पाहिला तो वर्ख आणि तो पांढरा रंग खरोखरच अलीकडचा आहे. पण ते काम खोटे आहे असे मात्र कृपया समजू नये, आणि तसे का म्हणतो ते सांगतो.

तेथील लाकडावर जे चढवले जाते त्याला उरुशी म्हणतात. इंग्रजीतल्या शब्दामुळे पुष्कळ लोक तिला आपली लाख समजतात, पण लाख ही पळस, कुसुम, बोर या झाडांवर बसणाऱ्या किड्यापासून मिळते, आणि उरुशी हा एका झाडाचा चीक असतो. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले आहे. लहानपणी बिब्बा उतलेला ज्यांना आठवतो त्यांना उरुशीचे काम करणाऱ्याच्या हातांची कल्पना लगेच येईल, कारण कच्च्या उरुशीने अंगावर तसेच फोड उठतात. दहापंधरा वर्षे वाढवलेल्या झाडाच्या सालीला एका हंगामात चिरा देऊन चीक काढला जातो, तो एका झाडाचा जेमतेम 200 मिलिलिटर भरतो, आणि मग ते झाड तोडावे लागते. एका खांबाला किती झाडे लागत असतील, याचा हिशेब मी तेथे उभ्या उभ्या करू लागलो होतो.

उरुशीची खरी गंमत तिच्या वाळण्यात आहे. आपले पॉलिश हवेत उडून वाळते, म्हणून मे महिन्यात नागपूरला हात फिरवेपर्यंत ते सुकते आणि ब्रशचे फराटे तसेच राहतात. उरुशी वाळत नाही, ती दमट हवेत घट्ट होते. हवेतील ओलावा 70 ते 80 टक्के असला की तिच्यातला एक घटक हवेतील प्राणवायूशी काम सुरू करतो आणि तिचे कडक कवच बनते. आपल्या नवतपात ती दिवसेंदिवस चिकटच राहिली असती. एक थर घट्ट झाला की तो घासून सपाट करायचा, मग दुसरा थर द्यायचा, आणि असे कित्येक थर झाल्यावर शेवटच्या थरावर, तो पुरता घट्ट होण्याआधी, सोन्याचा वर्ख बसवायचा. खांबांचा पांढरा रंग शिंपल्यांच्या भुकटीचा आहे. 2013 ते 2017 च्या दुरुस्तीत एकट्या योमेइमोनवर वर्खाची सुमारे 2,40,000 पाने लागली.

हे कवच आतल्या लाकडाला पाऊस, बुरशी आणि किडा यांपासून वाचवते. निक्को डोंगरात आहे, तेथे धुके असते, हिवाळ्यात बर्फ पडते आणि उन्हाळ्यात सतत ओल असते. एका लाकडी दरवाजाने अशा जागी तीनशे ऐंशी वर्षे काढायची तर त्याचे कवच वेळोवेळी बदलावेच लागते, आणि ते एदो काळापासून, म्हणजे शोगुनांच्या राजवटीपासून, बदलले जात आले आहे. लाकूड आणि कोरीव काम टिकवण्यासाठी वरचा थर खर्ची घालायचा, अशी ती व्यवस्था आहे. मूळ रचनेतच ती गृहीत धरलेली आहे. 2018 पासून तर जपान सरकारने राष्ट्रीय ठेव्यांच्या दुरुस्तीसाठी देशातलीच उरुशी वापरण्याचे धोरण धरले आहे, आणि तिचा बराच भाग उत्तरेकडील इवाते प्रांतातून येतो. ज्या देशाला बाहेरून स्वस्त उरुशी सहज मिळते त्याने हे ठरवणे मला फार मोलाचे वाटते, कारण झाडे लावणारा, चीक काढणारा आणि थर देणारा अशी सगळी साखळी त्यामुळे जिवंत राहते.

दुरुस्तीत जुने ज्ञान पुन्हा हाती लागते, हेही सांगायला हवे. योमेइमोनच्या बाजूच्या भिंतीवरील मोठा कोरीव फलक उतरवल्यावर त्याच्या मागे पाइन वृक्ष आणि क्रौंच पक्ष्यांचे जुने चित्र सापडले. पूर्वीच्या एका दुरुस्तीत ते झाकले गेले होते. चुकाही होतात. आपण ज्या मांजराजवळ थांबलात, त्याचे डोळे 2016 मध्ये रंगवताना किंचित उघडे दाखवले गेले होते, आणि जुन्या छायाचित्रांशी मेळ बसेना म्हणून ते पुन्हा मिटवावे लागले.

आता एक गोष्ट मी लिहितो ती मला स्वतःला लागलेली आहे. आपल्या महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीव कामाची अक्षरशः लयलूट होती, असे जुनी वर्णने सांगतात. 1864 मध्ये तो आगीत जळाला. शिल्लक राहिला तो नगारखान्याचा दरवाजा. जुन्या वाड्यात कामाला जातो तेव्हा अजूनही एखाद्या घरात खांबाच्या माथ्यावरचे कमळ किंवा तुळईखालचा पोपट सापडतो, तैलरंगाच्या पाचसहा थरांखाली दबलेला. तो थर मी पात्याने हळूहळू काढतो तेव्हा पोपटाच्या पंखाची एकेक रेघ वर येते, आणि हे कोरणारा माणूस निक्कोच्या माणसाहून कमी नव्हता असे मनापासून वाटते. तेथे त्या माणसाच्या कामामागे चारशे वर्षे कोणीतरी सतत उभे राहिले, एवढाच फरक आहे. निक्कोलाही आगी लागल्या. पाच मजली पॅगोडा 1815 मध्ये जळाला आणि तीन वर्षांत पुन्हा उभा राहिला. याकुशीचे दालन 1961 मध्ये जळाले, आणि छतावरचा "रडणारा ड्रॅगन" नव्याने रंगवून तेही पुन्हा बांधले गेले. ड्रॅगनच्या डोक्याखाली लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की आजही खणखणणारा प्रतिध्वनी येतो, थोडे बाजूला सरकून आपटले तर येत नाही.

जाता जाता, पॅगोड्याचा मधला खांब जमिनीवर टेकलेला नाही, तो चौथ्या मजल्यावरून साखळीने टांगलेला आहे आणि खाली सुमारे दहा सेंटीमीटर मोकळी जागा आहे. वरचे लाकूड वर्षानुवर्षे दबून खाली बसत जाते तेव्हा हा खांब मध्ये अडकू नये, असा त्यामागे विचार आहे. आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे पाहून हात जोडावेसे वाटतील.

उत्तर : सिव्हिल लाइन्स

वरची दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण मूळ प्रश्नातील अस्वस्थता मला योग्य वाटते, आणि ती कारागिरीच्या कौतुकाने झाकली जाऊ नये. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट 1933 मध्ये जपानला गेला तेव्हा त्याने क्योतोच्या कात्सुरा प्रासादाची मनापासून स्तुती केली आणि निक्कोला मात्र सत्तेचे भपकेबाज प्रदर्शन ठरवले. सम्राटांच्या परंपरेतील संयम एका बाजूला आणि शोगुनांचा दिखाऊपणा दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी होती. 508 शिल्पे एका दरवाजावर असतील तर पाहणारा एकही नीट पाहू शकत नाही. ताईंना अर्धा तास उभे राहूनही काय पाहिले ते सांगता येत नाही, हा त्या वास्तूचा दोषच म्हणावा लागेल असे माझे प्रामाणिक मत आहे.

महालनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. बिब्ब्याचे वाचून माझ्या आईचा हात आठवला. सिव्हिल लाइन्स यांनी माझ्या मनातला संकोच शब्दांत मांडला आहे, तरीही माझे मन पूर्णपणे त्या बाजूला जात नाही. तो रांजण फोडणारा मुलगा मला अजून दिसतो. एवढ्या गर्दीत तो माझ्या डोळ्यांना सापडला, मग ती गर्दी निरर्थक कशी म्हणावी? याबद्दल कोणी लिहील का?

उत्तर : धरमपेठेतील वास्तुशिक्षक

ताई, तो मुलगा चीनमधील सिमा ग्वांग आहे, ज्याला जपानीत शिबा ओन्को म्हणतात. तो पुढे मोठा इतिहासकार झाला. लहानपणी त्याचा खेळगडी पाण्याच्या भरलेल्या रांजणात पडला, तेव्हा इतर मुले पळाली आणि याने दगडाने रांजण फोडून त्याला वाचवले, अशी कथा आहे. मौल्यवान भांड्यापेक्षा जीव मोठा, हे राज्यकर्त्याने लक्षात ठेवावे म्हणून ती दारावर आहे. आपण ती गर्दीतून नेमकी टिपलीत, आणि दरवाजाची रचना तशाच पाहण्यासाठी आहे. त्याला "हिगुराशीचे दार" असेही म्हणतात, म्हणजे पाहता पाहता दिवस मावळेल असे दार. अर्ध्या तासात ते संपावे अशी करणाऱ्यांची अपेक्षाच नव्हती. आपण देवळाचे बाह्यांग पाहतो तेव्हाही एका प्रदक्षिणेत सगळे थर वाचून होत नाहीत, दरवेळी एखादी नवी मूर्ती भेटते.

टाउटचे मत वाचावे, पण त्याने ज्या दोन टोकांत जपानी वास्तुकला विभागली त्यांपैकी एक टोक त्याच्या स्वतःच्या काळातील आधुनिक वास्तुकलेला सोयीचे होते, हेही ध्यानात घ्यावे. कात्सुरा हा राजघराण्यातील माणसाने विसाव्यासाठी बांधलेला प्रासाद आहे. निक्को हे एका नव्या देवाचे स्थान आहे. दोघांना एका मापाने मोजणे मला पटत नाही. शिवाय दोन्ही वास्तू एकाच शतकात उभ्या राहिल्या, तेव्हा साधेपणा हा जपानचा खरा स्वभाव आणि अलंकरण हा अपवाद असे म्हणायला फारसा आधार राहत नाही. झोजोजी येथील दुसऱ्या शोगुनाचे, 1632 चे समाधिमंदिर असेच सोन्यारंगाचे होते, ते 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाले. 1910 च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी केलेली त्याची एकदशांश आकाराची लाकडी प्रतिकृती आता झोजोजीत पाहायला मिळते. पंधरा शोगुनांपैकी सहा झोजोजीत, सहा टोकियोतीलच कानएइजी मंदिरात, शेवटचा तेथील यानाकाच्या दफनभूमीत आणि फक्त दोन निक्कोला आहेत. युद्धात टोकियोतली ती मंदिरे बहुतांशी गेली, म्हणून निक्को आज एकटे आणि विचित्र वाटते. त्याच्या काळात ते एकटे नव्हते.

दिखाऊपणाच्या आरोपाला त्या दारातच एक उत्तर आहे. बारा खांबांवर एक वळणदार नक्षी कोरलेली आहे, आणि त्यांपैकी एका खांबावर ती मुद्दाम उलटी आहे. वस्तू परिपूर्ण झाली की त्याच क्षणापासून तिचा ऱ्हास सुरू होतो, म्हणून ती अपुरी ठेवायची. आपल्याकडे सजवलेल्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालबोट लावतात, तेच हे. आणि सगळ्या आवारात एक इमारत मुद्दाम बिनरंगाची आहे, ती म्हणजे पवित्र घोड्याचा तबेला. त्याच्या आठ फलकांवर माकडाच्या आयुष्याची कथा आहे, आणि त्यातल्या एका फलकावर वाईट न पाहणारी, न बोलणारी आणि न ऐकणारी ती तीन माकडे आहेत. माकड घोड्याचे रक्षण करते अशी तेथे समजूत होती. गांधीजींनी जवळ बाळगलेल्या छोट्याशा मूर्तीमुळे आपल्याला, विशेषतः सेवाग्रामपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांना, ही तिघे घरचीच वाटतात.

पुन्हा कधी गेलात तर शेजारचे ताइयूइन अवश्य पाहावे. तेथे इएमित्सु स्वतः आहे. तो 1651 मध्ये वारला आणि हे समाधिमंदिर 1653 मध्ये पूर्ण झाले. आपले स्थान आजोबांहून मोठे होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणून तेथे पांढऱ्या-सोनेरी ऐवजी काळा आणि सोनेरी रंग आहे, आकार लहान आहे, आणि मुख्य मंदिराचे तोंड आजोबांच्या समाधीकडे वळवलेले आहे, म्हणजे मृत्यूनंतरही नातू सेवेला उभा आहे. ते अजूनही रिन्नोजीचे, म्हणजे बौद्धांचे आहे. तेथील एका दाराला यशामोन म्हणतात. यशा म्हणजे आपले यक्ष. चार यक्ष चार रंगांत तेथे पहारा देतात. त्याच्या अलीकडच्या दारात जिकोकुतेन आणि कोमोकुतेन, म्हणजे धृतराष्ट्र आणि विरूपाक्ष हे दिक्पाल उभे आहेत. नावे बदलत बदलत इतक्या दूर गेलेल्या या मंडळींना एका नागपूरकराने तेथे ओळखावे, याचा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता आपल्या यजमानांच्या वाक्याबद्दल. "वर विशेष काही नाही" हे त्यांनी अगदी बरोबर पाहिले, आणि माझ्या मते आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. मांजराच्या दारातून आत गेले की रंग थांबतो. पुढे फक्त दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना शेवाळलेले कठडे आणि उंच सीडर वृक्ष आहेत. पायऱ्या चढून गेल्यावर काळपट रंगाचे एक प्रार्थनागृह लागते, त्याच्या मागे कुंपण, आणि कुंपणाच्या आत सुमारे पाच मीटर उंचीचा एक कांस्य स्तूप. पहिला लाकडी होता, मग दगडी झाला, आणि 1683 च्या भूकंपानंतर पाचव्या शोगुनाच्या काळात आजचा कांस्याचा बसवला गेला. त्याच्यापुढे एक कांस्याचा क्रौंच पक्षी, एक धूपपात्र आणि एक फुलदाणी आहे. सोने नाही, ड्रॅगन नाही, कोरीव मूल नाही. 1965 पर्यंत सामान्य माणसाला तेथे प्रवेशही नव्हता. म्हणजे ज्या 508 शिल्पांनी आपण भांबावून गेलात ती समाधीवर नाहीतच. ती खाली, लोकांच्या वाटेवर, देवाच्या दारात आहेत. आपल्या शुक्रवारीच्या छत्र्यांशी तुलना करायची असेल तर ती योमेइमोनशी करू नये, वरच्या त्या स्तूपाशी करावी.

महालनिवासी

हे वाचून यजमानांना विचारले. ते म्हणाले, वर गेल्यावर जावई आणि ते दोघेही आपोआप हळू बोलू लागले होते, आणि स्तूपाभोवती एक फेरी मारून खाली आले. प्रदक्षिणा उजवीकडून घातली का, असे मी विचारले. हो म्हणाले.